तेरेखोल : खाडीच्या पलीकडे उरलेला गोवा

बुरुजावरून

गोव्याचा नकाशा उघडा आणि उत्तरेचं टोक जरा मोठं करून बघा. तेरेखोलची खाडी म्हणजे गोवा-महाराष्ट्राची हद्द, असं आपण धरून चालतो. बरीचशी हद्द तशीच जाते. पण समुद्र जवळ आला की ती खाडी सोडते आणि उत्तर तीरावर चढते. तिथला एक डोंगर, एक गाव आणि एक किल्ला पोटात घेऊन मगच समुद्राला मिळते. एका अंगाला समुद्र, एका अंगाला खाडी आणि जमिनीच्या बाजूने सगळा सिंधुदुर्ग जिल्हा. शेजारचं रेडी वेंगुर्ले तालुक्यात, पण तेरेखोल पेडणे तालुक्यात. ग्रामपंचायतसुद्धा पलीकडच्या केरी गावाशी जोडलेली, मधे खाडी असूनही.

या तुकड्याबद्दल आंतरजालावर मराठीत जे सापडतं ते बहुतेक ‘निसर्गरम्य’, ‘फोटो छान येतात’, ‘हॉटेल महाग आहे’ एवढ्यावर थांबतं. हा तुकडा तिथे का उरला हे कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगतो: तेरेखोल पोर्तुगीजांकडे गेला त्याचं मूळ वसईत आहे.

1737 ते 1739 या दोन-अडीच वर्षांत मराठ्यांनी पोर्तुगीजांचा उत्तर फिरंगाण बुडवला. आधी ठाणे आणि साष्टी, मग मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, 1740 मध्ये चौलही गेलं. उत्तरेत त्यांच्याकडे दमण आणि दीव एवढंच राहिलं. वसईचा वेढा चालू असतानाच गोव्यावरही दोन बाजूंनी मार पडत होता. दक्षिणेकडून व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे नरगुंदकर गोव्याच्या साष्टीत शिरले, उत्तरेकडून वाडीकर भोसले (सावंतवाडीचं सावंत-भोसले घराणं) बारदेशात घुसले. गोव्याहून वसईला कुमक का गेली नाही, याचं उत्तर यात आहे. त्या वेळी खुद्द गोवा वाचेल की नाही याचीच त्यांना खात्री नव्हती.

यातून ते जगले. जगल्यावर त्यांनी जो धडा घेतला त्यातून पुढचा सगळा नकाशा तयार झाला. तोवर पोर्तुगीज गोवा म्हणजे तिसवाडी, बारदेश, साष्टी आणि आसपासची बेटं. हद्द म्हणजे नदी, नदीकाठी किल्ले. बारदेशची उत्तर हद्द शापोरा नदी, तिच्या मुखाशी शापोऱ्याचा किल्ला. हीच हद्द 1739 मध्ये भोसल्यांनी सहज ओलांडली. तेव्हा नदीच्या अलीकडे बसून राखण होत नाही, पलीकडचा मुलूख हाती हवा, हे त्यांना पटलं.

1741 मध्ये लोरिसालचा मार्केझ नवी फौज घेऊन पोर्तुगालहून आला आणि बारदेश मोकळा झाला. तो 1742 मध्ये वारला. 1744 मध्ये आला दों पेद्रो मिगेल द आल्मेदा. या माणसाबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. तरुणपणी आसुमारचा काउंट म्हणून तो ब्राझीलमध्ये सोन्याच्या खाणींच्या मुलखाचा, म्हणजे मिनास जेराइसचा, कारभार पाहत होता. 1720 मध्ये तिथे व्हिला रिकाला बंड झालं, ते त्याने अत्यंत क्रूरपणे मोडलं आणि फिलिप दुस सांतुस या पुढाऱ्याला ठार केलं. सरहद्दीवर जरब कशी बसवतात याचं शिक्षण घेऊनच तो गोव्यात उतरला होता.

मे 1746 मध्ये त्याने भोसल्यांचा हळर्णचा किल्ला घेतला. हा शापोरा नदीच्या काठी, पण आतल्या बाजूला. पोर्तुगीज लोक हळर्णला ‘आलोर्ना’ म्हणतात. पुढे याच विजयाबद्दल राजाने त्याला ‘आलोर्नाचा मार्केझ’ हा किताब दिला. पेडण्यातल्या एका गावाचं नाव लिस्बनच्या सरदार घराण्याला चिकटलं ते असं. त्याच मोसमात डिचोली आणि साखळीही त्यांनी घेतली.

पावसाळा सरल्यावर तो समुद्राकडे वळला. नोव्हेंबर 1746 मध्ये त्याचं आरमार तेरेखोलवर आलं. किल्ला सतराव्या शतकात वाडीच्या खेम सावंतांनी बांधलेला. आत तोफा, शिबंदीची जागा, खाली खाडीत भोसल्यांची गलबतं. आधी पाण्यावर लढाई झाली, तीत भोसल्यांचं आरमार हरलं, आणि 23 नोव्हेंबरला किल्ला पोर्तुगीजांच्या हाती पडला. तेव्हा वाडीच्या गादीवर रामचंद्र सावंत होते, पण कारभार आणि तलवार दोन्ही त्यांचे चुलते जयराम सावंत यांच्याकडे होती. जयराम सावंत साधा गडी नव्हता, पुढे तो पोर्तुगीजांशी लढत राहिला. तेरेखोल मात्र परत आला नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. याच मोहिमांत पोर्तुगीजांनी रेडी आणि निवतीही घेतले होते. ते दोन्ही पुढे भोसल्यांना परत मिळाले. हळर्ण 1761 च्या तहात परत गेला आणि 1781 मध्ये त्यांनी तो पुन्हा घेतला. म्हणजे या पट्ट्यात सगळंच देण्याघेण्यातलं होतं. तेरेखोल तेवढा त्यांनी सोडला नाही. उलट 1764 मध्ये, मधला पेडणे महाल अजून भोसल्यांचा असताना, त्यांनी तो डागडुजी करून भक्कम केला. किल्ला आपला, पाठीमागचा मुलूख शत्रूचा, आणि रसद फक्त समुद्रातून. अशा अवस्थेत त्यांनी तो चाळीसएक वर्षं धरून ठेवला.

पेडणे कायमचं मिळालं ते जानेवारी 1788 च्या तहाने. त्यानंतर हद्द तेरेखोल खाडीपर्यंत आली आणि खाडीपलीकडचा किल्ला नव्या हद्दीचा पुढचा पहारा झाला. तो तिथे आधीपासून होता. हद्द मागून चालत येऊन त्याला मिळाली.

किल्ल्याच्या वास्तूबद्दल थोडंसं. जांभ्या चिऱ्याचा, आटोपशीर, अर्ध्या तासात बघून होईल असा. दरवाजा अरुंद. कोपऱ्यांवर दंडगोल पहाऱ्याच्या मेढ्या आहेत, एक माणूस जेमतेम उभा राहील एवढ्या, त्यांना बारीक खिडक्या. त्यातल्या खाडीकडच्या मेढीत उभं राहून बघितलं की खालून जाणारी होडी थेट वरून दिसते, म्हणजे तिच्यात काय भरलंय तेसुद्धा दिसतं. मधल्या चौकात सांत आंतोनीची इगर्जी, म्हणजे चर्च. किल्ल्याच्या मानाने ती मोठी आहे, चौकाचा बराचसा भाग तिनेच व्यापलाय.

1835 ची कत्तल, 1954-55 चा सत्याग्रह यांवर लिहायचंय, पण इथेच फार लांबलं. प्रतिसादांत भर घालूया.

---

मी_वसईकर

सुंदर लेख. वसईच्या किल्ल्याच्या सावलीत वाढल्यामुळे 1739 म्हणजे आमच्यासाठी गोष्टीचा शेवट. जिंकलो, घंटा हत्तींवरून गावोगावच्या देवळांत गेल्या, संपलं. हरलेला माणूस नंतर काय करतो हा विचार कधी मनात आला नव्हता.

पण एक शंका. 1739 ला एवढा मार खाल्लेली सत्ता सात वर्षांत पाच-सहा ठाणी घेते कशी? आणि पेशवे काय करत होते?

---

बुरुजावरून

@मी_वसईकर, शंका रास्त आहे.

ताकद आली ती बाहेरून. लोरिसाल आणि मग आल्मेदा, दोघांबरोबर पोर्तुगालहून ताज्या पलटणी आल्या. त्या काळात पोर्तुगालच्या तिजोरीत ब्राझीलचं सोनं येत होतं. वसईच्या वेळी ही कुमक वेळेत पोचली नाही, नंतर पोचली.

पेशव्यांचं म्हणाल तर एप्रिल 1740 मध्ये बाजीराव गेले, त्याच वर्षाअखेर चिमाजी अप्पा गेले. पुण्याचं लक्ष माळवा-बुंदेलखंड-बंगालकडे वळलं. शिवाय वाडीकर भोसले हे पेशव्यांच्या हुकमातले सरदार नव्हते. त्यांचं स्वतंत्र संस्थान, त्यांचे कोल्हापूरशी वाद, आंग्र्यांशी वाद. वाडीवर पोर्तुगीज चालून आले म्हणून पुण्याहून फौज निघेल अशी परिस्थिती नव्हती. आल्मेदाने हे बरोबर हेरलं. पेशव्यांना डिवचायचं नाही, एकट्या पडलेल्या शेजाऱ्याचा लचका तोडायचा.

जिथे मराठ्यांशी थेट गाठ पडली तिथे निकाल वेगळा लागला. 1756 मध्ये गोव्याचा व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्वा स्वतः फोंड्याच्या मर्दनगडावर चालून गेला आणि तिथेच मारला गेला. व्हाइसरॉय रणात पडावा ही साधी गोष्ट नाही. वाडीकरांच्या मागे तशी फौज उभी असती तर तेरेखोल राहिला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

---

रेडीकर

गाव शेजारचंच, म्हणून राहवलं नाही.

तेरेखोलच का, हे कागदावर नाही कळत, मुखाशी उभं राहिल्यावर कळतं. दक्षिणेला केरीच्या बाजूला वाळूचा लांब दांडा आहे, वर सुरूची झाडं. सखल जागा. तिथे तोफ ठेवली तर समुद्रातल्या तारवाला ती समोर दिसते आणि मागे दडायला काही नाही. उत्तरेला सरळ पाण्यातून वर आलेला डोंगर. म्हणजे खाडीच्या तोंडावर हुकमी उंची एकच, ती उत्तरेला. ज्याला ही खाडी राखायची त्याला हा डोंगर लागतोच. मग तो वाडीचा असो नाहीतर फिरंगी.

खाडी राखायची कशासाठी? ही नदी मनोहरगडाच्या बाजूने सह्याद्रीतून येते, वर तिला बांद्याची नदी म्हणतात. बांदा हे जुनं बंदर, आदिलशाहीपासूनचं. आरोंदा, किरणपाणी, सातार्डे, बांदा अशी होडीची वाट थेट वाडीच्या पोटात जाते. तेरेखोल हातातून गेला तेव्हा भोसल्यांचा एक डोंगर गेला एवढंच नाही. त्यांच्या घरात येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर दुसऱ्याचं कुलूप बसलं.

रेडीचं तसं नव्हतं. तिथला यशवंतगड वेगळ्या लहान खाडीवर आहे. गोव्याला त्याचा थेट धाक नाही आणि त्याच्यावाचून भोसल्यांचं अडतं. म्हणून तो देऊन टाकणं पोर्तुगीजांना परवडलं असावं. 1819 मध्ये इंग्रजांनी वाडीशी तह केला तेव्हा रेडी आणि निवती त्यांनी स्वतःकडे ठेवले, यावरून वाडीला ते किती मोलाचे होते बघा.

लोकांना एक विनंती, तेरेखोलला याल तर यशवंतगड चुकवू नका. तो तेरेखोलच्या कितीतरी पट मोठा आहे, तटाला वडा-पिंपळाची मुळं विळखा घालून बसलीत, आणि तिथे गर्दी नसते.

---

कऱ्हाकाठ

बुरुजावरून, लेख आणि रेडीकरांचा प्रतिसाद दोन्ही वाचनखुणेत ठेवले.

बऱ्याच ठिकाणी वाचलंय की 1825 मध्ये डॉ. बर्नार्दो पेरीस द सिल्वा यांनी या किल्ल्यावरून पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलं, आणि ते गोव्यात जन्मलेले पहिले व्हाइसरॉय होते. व्हाइसरॉयच बंड करतो हे काही कळत नाही. यावर लिहाल का?

---

बुरुजावरून

@कऱ्हाकाठ, ही हकिकत इतकी विस्कटून फिरते आहे की सविस्तरच लिहितो.

पहिलं म्हणजे 1825 हे साल जुळत नाही. पेरीस द सिल्वा यांना गोव्याचा कारभार मिळाला तो 1835 मध्ये. आणि ते बंडखोर नव्हते, बंड त्यांच्याविरुद्ध झालं.

ते तिसवाडीतल्या नेवऱ्याचे, पेशाने वैद्य. पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी म्हणून गेले. तिकडे राजेशाहीतले दोन भाऊ, दों पेद्रो आणि दों मिगेल, यांच्यात यादवी चालू होती. पेरीस द सिल्वा घटनावादी पेद्रोच्या बाजूचे, त्यापायी त्यांना परागंदा व्हावं लागलं. 1834 मध्ये पेद्रोची बाजू जिंकली आणि नव्या सरकारने गोव्याचा मुख्य कारभारी, म्हणजे ‘प्रीफेक्ट’, म्हणून त्यांना नेमलं. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात गोव्याच्या गादीवर बसलेला हा एकमेव गोंयकार.

14 जानेवारी 1835 ला त्यांनी कारभार हाती घेतला. 1 फेब्रुवारीला त्यांना उचलून बाहेर काढलं. तीन आठवडेसुद्धा नाहीत. विरोध कोणाचा? मुख्यतः गोव्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या पोर्तुगीज वंशाच्या लष्करी अधिकाऱ्यांचा. फौजेतल्या वरच्या जागा, पगार, मान हे सगळं त्यांच्याकडे होतं. रंगाने सावळा, इथलाच ख्रिस्ती माणूस आपल्याला हुकूम देणार ही कल्पनाच त्यांना सोसवली नाही. पेरीस द सिल्वांनी आल्या आल्या कारभारात बदल सुरू केले, आणि यांनी फौजेच्या जोरावर त्यांना मुंबईला हाकललं.

पण फौजेत सगळे एका बाजूला नव्हते. काही शिबंदी प्रीफेक्टशी इमान राखून राहिली. मे 1835 मध्ये पणजीजवळ गास्पार दियशच्या किल्ल्यातल्या अशा सैनिकांची कत्तल झाली आणि किल्ला बेचिराख केला गेला. आज मिरामारला फिरायला जाणाऱ्यांना तिथे किल्ला होता हेसुद्धा माहीत नसतं. तेरेखोलच्या शिबंदीचीही तीच गत झाली. इथल्या लोकांनी प्रीफेक्टची बाजू घेतली, किल्ला पडला आणि त्यांची मुंडकी उडवली गेली.

बंडखोरांनी ब्रिटिश हद्दीला लागून असलेला किल्ला सोडून चालणारच नव्हतं. प्रीफेक्ट मुंबईत, म्हणजे ब्रिटिश मुलखात. त्यांचे समर्थक परत आले तर पहिलं पाऊल तेरेखोलवर पडणार. शत्रू परका असो की घरचा, हद्दीवरच्या किल्ल्याला पहिला घाव सोसावा लागतो.

पेरीस द सिल्वांना गोव्याची गादी परत मिळाली नाही. 1837 पर्यंत ते दमणमध्ये राहून दमण-दीवचा कारभार बघत होते, गोवा मात्र दुसऱ्यांच्या हाती. पुढे ते ब्राझीलला गेले आणि 1844 मध्ये रिओ द जानेरोमध्ये वारले.

1835 नंतर दहाच वर्षांनी उलटा प्रवाह दिसतो. 1844-45 मध्ये सावंतवाडीत इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव झाला. फोंड सावंत तांबुळकर, त्यांची मुलं, राजघराण्यातले अण्णासाहेब हे सगळे इंग्रजी फौजेच्या रेट्याखाली हद्द ओलांडून गोव्यात गेले. इंग्रज पोर्तुगीजांकडे माणसं मागत राहिले, पोर्तुगीज देईनात. 1835 मध्ये गोव्यातून पळालेला मुंबईत सुरक्षित, 1845 मध्ये वाडीतून पळालेला गोव्यात सुरक्षित. ही हद्द दोन्हीकडच्या हरलेल्यांना जीव वाचवायला कामी आली.

---

दर्यासारंग_४७

सगळं ठीक आहे, पण सावंतांवर कोणी बोलतच नाही. 1788 मध्ये पेडणे पोर्तुगीजांना लिहून दिलं कोणी? सावंतवाडीकरांनीच ना? शिवछत्रपतींच्या काळापासून या घराण्याचं धोरण आज इकडे, उद्या तिकडे. स्वतःच्या हाताने मुलूख परक्याला देणाऱ्यांचं कौतुक करू नये.

---

बुरुजावरून

@दर्यासारंग, कौतुक करा असं माझं म्हणणं नाही. पण त्यांची बाजू मांडल्याशिवाय निकालही देऊ नये.

1788 मध्ये गादीवर तिसरे खेम सावंत होते. त्यांचं लग्न जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी, लक्ष्मीबाईंशी झालेलं. म्हणजे महादजींचे ते जावई लागले, पुतणीच्या नात्याने. दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना ‘राजेबहादुर’ किताब मिळाला. कोल्हापूरकरांना हे अजिबात रुचलं नाही आणि दोन्ही संस्थानांत वर्षानुवर्षं लढाया चालल्या. कोल्हापूरच्या फौजा वाडीच्या दाराशी आल्यावर मदतीला माणूस हवा होता. पुणे लांब, ग्वाल्हेर त्याहून लांब, गोवा शेजारी. पेडणे गेलं ते या मदतीच्या बदल्यात.

चूक होती का? माझ्या मते होती, आणि फार महागात पडली. पण त्याचा अर्धा दोष कोल्हापूर-वाडी वैराकडे जातो. दोन मराठी गाद्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या म्हणून तिसऱ्याचं फावलं. एकट्या सावंतांना फितूर ठरवलं की हा भाग झाकला जातो.

आणि तेरेखोलपुरतं बोलायचं तर तो त्यांनी दिलेला नाही. तो त्याआधी बेचाळीस वर्षं लढाईत गेला होता.

---

सागरगोटी

इतिहास म्हणजे लढाया आणि तह एवढंच चाललंय, म्हणून मिठाबद्दल लिहिते. माझं माहेर शिरोड्याचं.

शिरोडा-रेडी-आरोंदा हा पट्टा मिठागरांचा. खाडीपलीकडे गोव्यातही मिठागरं. मीठ तेच, पाणी तेच, पण एकीकडे इंग्रजांचा मिठावरचा कर आणि दुसरीकडे नाही. मग पलीकडचं मीठ रात्री होडीतून अलीकडे येणारच. इंग्रजांना हे इतकं सलत होतं की डिसेंबर 1878 मध्ये त्यांनी पोर्तुगालशी तह केला. त्यानुसार गोव्यातल्या मिठाचा ताबाच इंग्रजांकडे गेला. किती पिकवायचं, कुठे विकायचं ते इंग्रज अधिकारी ठरवणार. बदल्यात पोर्तुगालला वार्षिक रक्कम, दोन्ही मुलखांमधली जकात रद्द, आणि मार्मागोव्याला रेल्वे. हा तह 1892 पर्यंत चालला. गोव्यातल्या आगरवाल्यांचे त्यात फार हाल झाले. पिढीजात धंद्याची माणसं पोट भरायला मुंबईकडे गेली, त्यात या तहाचाही हात होता.

आणि मे 1930 मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्रातून माणसं आली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेली. तेरेखोलच्या तटावरून किनारा शिरोड्यापर्यंत दिसतो. एका देशात मिठासाठी डोकी फुटत होती आणि हाकेच्या अंतरावर दुसऱ्या देशाचा शिपाई पहाऱ्यावर होता, या गोष्टीचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय.

आमच्याकडे जुनी माणसं सांगायची की पोरीला पलीकडे द्यायची तर आधी विचार करायचे. सणावारी माहेरी यायचं तर नाका, झडती. नवं लुगडं नेसूनच यायचं, घडी करून आणलं की जकातीचा प्रश्न.

---

पेडण्याचो

सागरगोटीताई, लुगड्याची गोष्ट आमच्या घरातही तशीच सांगतात, फक्त बाजू उलटी. आमची आजी पलीकडची, माहेर आरोंद्याचं.

सत्याग्रहाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

15 ऑगस्ट 1954 ला गोव्यात तीन ठिकाणांहून सत्याग्रही शिरले. त्यातली एक तुकडी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या पुढारपणाखाली तेरेखोलवर आली. भारत सरकारने तेव्हा गोव्याबाहेरच्या लोकांना हद्दीवरच अडवलं होतं, त्यामुळे जाणारे सगळे गोंयकार. हातात शस्त्र नाही, तिरंगा फक्त. किल्ल्यात शिरून त्यांनी झेंडा चढवला. दुसऱ्या दिवशी पाखल्यांची (पोर्तुगीजांची) कुमक आली, सगळ्यांना धरलं आणि पुढे लांबलचक शिक्षा झाल्या. गोव्याच्या भूमीवर एका किल्ल्यावर तिरंगा रात्रभर राहिला, 1961 च्या सात वर्षं आधी. आमच्या शाळेच्या पुस्तकात यावर एक ओळ होती. एक धडा हवा होता.

1955 मध्ये भारतभरातून सत्याग्रही आले. पत्रादेवीला गोळीबार झाला ते बहुतेकांना ठाऊक असतं, कारण तिथे मोठं स्मारक आहे आणि महामार्गावर आहे. त्या वर्षी तेरेखोललाही रक्त सांडलं. पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर इथे हुतात्मा झाले. पनवेलचा एक शाळामास्तर या कोपऱ्यातल्या किल्ल्यावर झेंडा लावायला येतो आणि परत जात नाही. किल्ला बघायला येणाऱ्यांनी तेवढं नाव तरी वाचून जावं. लोक समुद्राच्या बाजूला फोटो काढतात आणि निघतात, त्याचं वाईट वाटतं.

त्यानंतर भारताने हद्द बंद केली. आर्थिक नाकेबंदी. माल बंद, रेल्वे बंद, माणसांना परवाने. आजी सहा वर्षं माहेरी गेली नाही. खाडीपलीकडे भावाच्या घरावरची कौलं दिसायची, म्हणायची. 19 डिसेंबर 1961 ला गोवा सुटला तेव्हा बाकीचे पणजीच्या गोष्टी करत होते, आजीने होडी काढायला सांगितली.

---

कऱ्हाकाठ

पेडण्याचो, काय लिहिलंत! धन्यवाद.

मग 1961 नंतर तरी तो तुकडा महाराष्ट्रात का घातला नाही? जमीन सलग आहे, भाषा तीच. भूगोलाने तर तो सिंधुदुर्गाचाच.

---

पेडण्याचो

1961 ला गोवा, दमण, दीव मिळून केंद्रशासित प्रदेश झाला. पोर्तुगीजांचं जेवढं होतं तेवढं, हद्दी तशाच. कोणी दगड हलवला नाही.

मग 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. वेगळं राहण्याच्या बाजूने 1,72,191 मतं, विलीनीकरणाला 1,38,170. फरक चौतीस हजारांचा. आमचं पेडणं विलीनीकरणाच्या बाजूने होतं, मोठ्या फरकाने. आमच्या घरात त्या वेळी ‘फूल’वाले (विलीनीकरणाची निशाणी) आणि ‘दोन पानां’वाले (वेगळं राहण्याची) असे दोन्ही होते, महिनाभर जेवणाच्या पंक्ती वेगळ्या बसल्या. कौल उलटा लागला असता तर ही आंतरराज्य हद्द दोन तालुक्यांच्या मधली रेघ झाली असती आणि बुरुजावरून यांना हा धागा काढावा लागला नसता.

1987 ला गोवा राज्य झालं, तेव्हा हीच हद्द कायम राहिली. आणि आता विचाराल तर तेरेखोलच्या लोकांना गोव्यातच राहायचंय. रोज बाजाराला रेडी-शिरोड्याला जातात, पण मतदान, रेशन, शाळेचा दाखला गोव्याचा. दोनशेऐंशी वर्षं होत आली. माणसं नुसती भूगोलाने बांधलेली नसतात, कऱ्हाकाठ.

---

मी_वसईकर

पुढच्या महिन्यात जायचं ठरवतोय. रस्त्याने जावं की फेरीने? आणि किल्ला हॉटेल झालाय म्हणतात, तर आत सोडतात का?

---

रेडीकर

महाराष्ट्रातून येत असाल तर सरळ शिरोडा-रेडी करून या. द्विभुज गणपतीच्या देवळावरून पुढे रस्ता थेट तेरेखोलला जातो. हद्दीची पाटी लागेल तेवढीच, बाकी कळणार नाही कुठे जिल्हा संपला ते. गोव्याकडून असाल तर केरीहून फेरीबोट, पण भरती-ओहोटीप्रमाणे तिचं वेळापत्रक बदलतं, धक्क्यावर विचारूनच थांबा. फेरी चुकली तर किरणपाणी-आरोंदा पुलावरून वळसा आहे.

आतल्या पोर्तुगीजकालीन खोल्यांत हॉटेल काढलं होतं, खोल्यांना आठवड्याच्या वारांची नावं दिली होती. चौकात आणि तटावर बघायला जाता येतं, पण काम चालू असेल तर बंदही ठेवतात. इगर्जी एरवी कुलूपबंद असते, सांत आंतोनीचं फेस्त (उत्सव) मे महिन्यात, तेव्हा उघडी मिळेल. चपला सांभाळून, तटावरच्या जांभ्याला पावसात शेवाळ धरतं.

सकाळी लवकर या. हुतात्म्यांच्या स्मारकापाशी आधी थांबा, मग किल्ला, मग ऊन चढायच्या आत यशवंतगड. दुपारी जेवायला शिरोड्याच्या बाजारात, तिथे सोलकढी चांगली मिळते. बाकी काही लागलं तर इथेच विचारा, मी रोज बघतो धागा.